पाठमोरे देवदूत

— नाही नाही, शिडी राहू दे तिथेच, काजळीचं काय एवढं, खुर्चीवर वर्तमानपत्र टाकलंय मी, बसा — आणि दारात तुम्ही दिसल्यावर मी काय केलं ते पाहिलंत ना? हसू नका. धुराडी साफ करणारा दिसला की बटण धरायचं, दैव उघडतं, आईने शिकवलंय मला. आता ह्या झग्याला एकही बटण नाही, म्हणून उशीच्या अभ्र्याचं धरलं. चालत असेल ना? चालतं. दैवाला काय कळतंय. — काय काढलंत हवेच्या झरोक्यातून? कापड? अगंबाई, झेनेकचा स्वेटर. वाऱ्याने गेला असेल. — हवेची ओढ आतून बाहेर असते, तिथे वारा येत नाही म्हणताय? मग तसं असेल, तुम्ही जाणा. नका हो रागावू. कळतं मला, गॅसवर पाणी तापतं, हवा कोंडली तर माणूस झोपेतच जातो, मागच्या खेपेलाही हेच सांगितलंत तुम्ही — तेव्हा मोजा होता, हो. बरं, मीच कोंबला. सकाळी, तुम्हाला फोन करायच्या आधी. झालं समाधान? चहा घ्या. खसखशीचा रोल कापलाय, दोन तुकडे तरी घ्याच.

टीव्हीचा आवाज वाढवते जरा. तो देवदूतांचा सिनेमा लागलाय ना, दर नाताळच्या तोंडावर लावतात. तुम्ही तेव्हा जन्मलाही नसाल. आमच्याच अंगणात केलाय. स्वर्गात म्हणे देवदूत सुस्तावले, म्हणून देवाने त्यांना इथे खाली पाठवलं, माणसांत राहा, नोकऱ्या करा आणि मटणाच्या रांगेत उभे राहा — पुढे घुसायचं नाही, घुसलात तर पंख गळतील. लोक हसून लोळायचे. आम्ही खरोखरच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचो आणि संध्याकाळी पैसे देऊन ती रांग बघायला जायचो, आहे की नाही गंमत? तर वॉर्साहून आलेला तो दिग्दर्शक जिन्यात ओरडला, कोट घालून उभी राहणारी माणसं हवीत — आणि आमचा झेनेक गेला. माझा नवरा. सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. पंख कोटाच्या आत, तारेवर हंसाची पिसं चिकटवलेली, आठवडाभर पाठ खाजवत होता. तोंड काही दिसलं नाही त्याचं. सगळे पाठमोरे, एकसारखे कोट, एकसारख्या टोप्या.

थांबा हो, एवढ्यात कुठे, तो प्रसंग आता येईलच, आधी नायिकेचं पातेलं करपतं, मग तो. सरळच सांगते, एकटं वाटतं मला. दिवस जात नाही. झेनेक गेल्यापासून रेडिओशी भांडते मी. मुलगा आयर्लंडला असतो, मिरेक, फोन करतो बिचारा, परवाही केला, नाताळला जमत नाही म्हणाला. बरं म्हटलं, नाही जमत तर नाही, पण सिनेमा तरी बघ, बाबा दिसतील. तर म्हणतो, आई, तो बाबा नाहीच. बाबा त्या दिवशी गिरणीत पाळीवर होते, त्यांनीच मला सांगितलं होतं, तुला वाईट वाटेल म्हणून तुला बोलले नाहीत. — असं कुणी आईला बोलतं का? आणि झेनेक मला खोटं सांगेल? पिसं मी स्वतः झाडलीत त्याच्या कोटावरची. आता पिसं काय, अख्ख्या अंगणात उडत होती म्हणा. — फोटो आहेत हो, पेटीभर आहेत. पण फोटोतला माणूस हलत नाही. हलणारा झेनेक ह्या जगात तेवढाच आहे. तो नसेल तर मग नाहीच कुठे.

म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्ही परके, माझं मन राखायचं तुम्हाला काय कारण? हा फोटो धरा. तळ्याकाठी मासे धरतोय, पाठमोराच आहे. एका पायावर भार देऊन उभा राहायचा, नेहमी. नीट बघून ठेवा. मी कोणता समजते ते सांगणार नाही. तुम्ही बोट ठेवाल तो खरा. — अहो, फोटोकडे, घड्याळाकडे नको. — आलं! आलं बघा, करपलं पातेलं, आता कॅमेरा खिडकीतून खाली — हे अंगण — ही रांग. बघा. घाई नाही. मी गप्प बसते.

कोणता?

पुढून तिसरा?

तो तर कोशि — नाही, काही नाही, खोकला आला. तळमजल्यावर एक कोशिबा राहायचा, त्याच्या पाठीला जन्माचं पोक, त्याला पंख लावावेच लागले नाहीत, सहज आठवलं. — हो. तिसराच. अगदी बरोबर ओळखलंत. मिरेकला कळवते, धुराडीवाल्यांनी एका नजरेत ओळखलं म्हणून.

संपला प्रसंग. पुढे काही विशेष नाही. चहा राहू दे, गार झालाय. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतरा. — नाही, परत नाही बोलावणार. जा तुम्ही.