निरगुडसरला उतरलेला राक्षस

अहो, कसला सिनेमा अन् कसलं काय... आधी चेन उघडा, पाठीमागची चेन! मी आतून बोंबलतोय अन् बाहेर टाळ्या! तुमाला सांगतो राव, माणसानं काय बी व्हावं, राक्षस व्हऊ नये!

माझा भाचा रत्नदीप, दोन हजार तीन साली पुण्यावरनं आला तो डोक्यात खूळ घेऊनच. "मामा, जुन्या इंग्रजी पिच्चरमधी उडत्या तबकडीतनं रबरी राक्षस उतरतो, त्याची चेनसुद्धा दिसते! तसाच काढायचाय. मुद्दाम फालतू!" मुद्दाम कशाला रं? आपसूक व्हईल की! तर म्हणतो, "राक्षस तुमी. तुमाला बघून अख्खं गाव पळंल." झालं! आता तुमच्यापास्नं काय लपवायचं... या खंडूला आजवर कोण भ्यालंय? बायको न्हाई, पोरं न्हाई, म्हैस तर मला बघून उठत सुदीक न्हाई! एकदा, फकस्त एकदा कुणीतरी मला बघून पळावं, एवढीच हौस. म्हणून चढवला तो ड्रेस! खताच्या गोण्या, ठिबकची नळी, चंदेरी कागद, दोन शिंगं, पाठीला चेन, अन् वर मे महिना! माणसानं काय बी व्हावं राव...

लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा, एकच दिवस मिळालेला, एकच क्यासेट. ट्रॉलीला पत्रं ठोकून तबकडी केली. गावाला पढवलं, राक्षस उतरला की किंचाळायचं अन् पळायचं. मी उतरलो, हात वर केलं, गुरगुरलो... अन् सरपंच सावळेराम पुढं! "थांबा! पावणं एवढ्या लांबनं आल्यात, अन् टावेल-टोपी न्हाई?" रत्नदीप कोकलतोय, "पळा! अहो, पळा ना!" तर गावातली म्हातारी झुंबरबाई त्यालाच दटावती, "मानपान न करता पळायचं? गावाची काय अब्रू हाय का न्हाई?" नारळ दिला हातात! टोपी बसंना, तर शिंगाला अडकवली! अन् मग भाषणं! सरपंच म्हणतात, "पावण्यांनी वर जाऊन आमच्या रस्त्याचं तेवढं बघावं..." अहो, वर म्हंजी कुठं? मी आत उकडून निघालोय, चेनीला हात पोचंना, अन् कुणाला दया न्हाई! मंग उपसरपंच! मंग सोसायटीचं चेरमन! पाऊण तास! संपलं वाटलं, तर चांगदेव गुरुजी उठलं, खाकरलं. "मी दोनच शब्द बोलतो..."

दोनच शब्द! गुरुजींचं? मी नारळ टाकला अन् जी धूम ठोकली, ती थेट कालव्यात!

रत्नदीप नाचतोय, "मामा, शेवट मिळाला! पृथ्वी वाचली!" आता घरोघर तीच क्यासेट लावत्यात, पोटं धरून हसत्यात. जाऊ द्या... कुणीतरी पळावं अशी हौस व्हती ना? पळालो की, मीच!