पहिल्या लेव्हलचं तमिळ

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या बसस्टॉपवर दोन मुलांचं मराठी ऐकू आलं, तशी कनका त्यांच्याकडे सरकली.

"हरिप्रियाच्या अप्पांनी तमिळमध्ये चार पानं लिहिली रे. तमिळ शिकायच्या ॲपनं मला झेपेल एवढं सोपं केलं: 'नाही.'"

"चार पानांचं एवढंच? लेव्हल कितवी लावलीस, अनिकेत?"

"पहिली."

"गाढवा, दुसरी लाव!"

"थांब... 'शुक्रवारी नाही.'"

"अजून चढव!"

"'शुक्रवारी मला वेळ नाही. लग्नाचं बोलायला रविवारी आईला घेऊन या.'"

"अरे, आजच की! ऊठ, आईला घे!"

"तिला कालच पुण्याच्या गाडीत बसवलं. दोघंही रडलो."

"लाव फोन!"

"काय सांगू तिला?"

"पहिल्या लेव्हलचं सांग. 'परत ये.'"

कनकाची अड्यारची बस आली. तिनं ती जाऊ दिली.