जावई आणि टेकडीवरची सकाळ

तुम्ही कधी जावयावर जळलात? मी जळलो, तेही देवळात.

दिल्लीचं शिक्षण संपवून शिंदखेड्याला कायमचा परतलो ते एक हट्ट धरूनच. टेकडीवरच्या देवीपाशी, आबांच्या शेजारी उभं राहून, उगवत्या उन्हात उजळणारा सातपुडा पाहायचा. लहानपणी पाहायचो तसा.

नेमके बहिणीचे यजमान सुरतेहून आले. आरतीचं ताट दाजींना, कठड्यापाशी आबांच्या शेजारची जागाही दाजींनाच! मी मध्ये घुसलो तर आबा म्हणाले, "सरक रे, जवाईले दखू दे. तू ते आते आठेच शे, रोज दखशी."

"आबा, इथेच राहायला मी सगळं सोडून आलोय!"

"मंग? तू काय पाव्हना शे का?"

दाजी गेले. दुसऱ्या पहाटे मी आबांना उठवलं.

कूस बदलत आबा म्हणाले, "रोज रोज कोन चढी रे?"

आता बहिणीला सारखा फोन करतोय, "दाजींना पाठव गं!"