पहिलं नाव माझं

...नाही पण मला सांगा, घटस्फोट म्हणजे नक्की काय असतं? कारण मला वाटत होतं, माणसं वेगळी झाली की त्यांची कर्जंही वेगळी होतात! हसू नका. एम.ए. आहे मी, राज्यशास्त्रात!

तर तुम्हाला सांगते, उरणला आमचा फ्लॅट, एक बेडरूमचा, वीस वर्षांचं कर्ज, दोघांच्या नावावर. घटस्फोटाच्या वेळी कोर्टाने शिक्का मारून दिलं, फ्लॅट मृणालीचा, हप्ते धनेश भरणार. मृणाली म्हणजे मी, धनेश म्हणजे माजी नवरा. दोन वर्षं भरलेही हो त्याने! पण शेजारच्या भागोजीने न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर ओढायला तीन ट्रेलर घेतले, म्हणून याने पाच. पाच! ड्रायव्हर दोन! मग काय, गेल्या महिन्यात कोर्टाकडून नादार ठरवून घेतलं स्वतःला. दिवाळखोर, रीतसर!

बँकेची नोटीस माझ्या नावावर आली, तशी मी ताडताड बँकेत. कोर्टाचा कागद टेबलावर आपटला. साहेबांनी तो पाहिला आणि अगदी अक्षता टाकल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हा तुमच्या दोघांतला मामला. त्यावर बँकेची सही कुठाय? बँकेच्या दृष्टीने तुम्ही अजून एकत्रच आहात."

एकत्र? अहो, त्याचा नंबर मी 'उचलू नको' या नावाने सेव्ह केलाय!

"तो दिवाळखोर आहे," मी म्हटलं. "म्हणूनच! त्याच्याकडून काही निघत नाही, तर तुम्ही भरा. साठ दिवस. नाहीतर फ्लॅट लिलावात." "मग माझं अर्धं भरते!" "अर्धं असं नसतंच, मॅडम. सही दोघांची म्हणजे पूर्ण कर्ज दोघांवर. आणि..." फाइल उघडली, गोड हसले, "पहिलं नाव तर तुमचंच आहे की!"

ते नाव मीच पहिलं लावून घेतलेलं! आमच्याकडे हळदीला अख्खं गाव लोटतं, डीजे, मटण, सगळं. आमच्या दोघांच्या एकत्र हळदीत मी डीजे बंद केला, माईक घेतला, आणि पिवळ्या तोंडाने भाषण ठोकलं, "घरावर बाईचं नाव पहिलं हवं! कर्जावरसुद्धा!" टाळ्या पडल्या हो... धनेश तर उभा राहून वाजवत होता. सगळ्यात जोरात!

घरी आले. आई, म्हणजे वेणूबाई, नोटीस हातात धरून बसलेली. "बाय, नवरा गेला, तं त्याचा हप्ता पन जायाला पायजे ना?" किती सरळ प्रश्न! राज्यशास्त्रात उत्तर नाही. म्हटलं, "आई, बँकेच्या दृष्टीने आम्ही अजून एकत्रच आहोत." "मंग येवाला सांग त्याला, भांडी घासंल!"

आणि तुम्हाला सांगते, तेवढ्यात त्याचाच फोन! उचलला. "मृणाली, रागावू नकोस गं. नादार माणसाला कुणी खोली देत नाय. तुझ्या हॉलमध्ये राहू? भाडं देईन, मामाच्या दुकानात बसतो, पगार हाय."

मी काय केलं असेल? तत्त्वं सांगितली? स्त्रीचा स्वाभिमान? अहो, मी विचारलं, "डिपॉझिट किती देशील?"

रविवारी येतोय. स्वयंपाकघर वापरायचं नाही, दहाच्या आत घरी, सगळं लिहून घेतलंय. भाडेकरारावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात... तुमच्यापैकी कोण येतंय?