चार हजार युरोंची लहानशी गाडी

…नाही, तुम्हीच सांगा, गाडी घ्यायची म्हटल्यावर माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? विकणाऱ्यावर? तो तर विकायलाच बसलाय! मेकॅनिकवर? गाडी चांगली निघाली तर त्या बिचाऱ्यानं खायचं काय? जाहिरातीवर? जाहिरातीतल्या सगळ्या गाड्या म्हाताऱ्यांनी रविवारी चर्चला जाण्यापुरत्या चालवलेल्या असतात. युरोपात एवढ्या धार्मिक म्हाताऱ्या असत्या तर स्वर्गात पार्किंगला जागा उरली नसती! तुम्हाला सांगतो, इथं सर्बियात, वाल्येवोत एकतीस वर्षं माझं कुलपं, बिजागऱ्या, खिळे, रंग असलं दुकान आहे. शाळा आठवीपर्यंत, पुढचं सगळं काउंटरवर शिकलो. गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन गप्प राहिलं की ते किती कमी मागणार हे मी त्याच्या नाकावरून सांगतो. एकतीस वर्षांत मला कुणी फसवलेलं नाही. म्हणजे दोनदा फसवलं, पण ते नातेवाईक होते, ते धरत नाहीत.

आणि मला हवी काय होती, तर लहानशी गाडी! पाच दारांची, पेट्रोलची, बाजारात कुठंही घुसेल अशी. चार हजार युरोंपर्यंत. लहानशी गाडी हो, दुसरं काय मागितलं होतं मी?

माझ्यासाठी नाही, बायकोसाठी. झागोर्का नाव तिचं, आम्ही झागा म्हणतो. छपन्नाव्या वर्षी तिनं लायसन्स काढलं. पाचव्या खेपेला! चार वेळा नापास झाली, तरी चारही वेळा घरी येऊन म्हणाली, 'परीक्षकाला चालवता येत नाही.' लायसन्स काढायचं कारण काय, तर तिची आई. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, वर डोंगरातल्या गावात एकट्या, सोबतीला एक शेळी आणि ती शेळीही त्यांच्यासारखीच हट्टी. पूर्वी दिवसाला दोन बसगाड्या जायच्या, आता मंगळवारी एक जाते, ती परत येईल असं कुणी लेखी देत नाही. मग झागाला सोडायला कोण? मी, दुकानाच्या व्हॅनमधून. म्हणजे शनिवारी गिऱ्हाईक संपलं तर, रंगाचे डबे उतरवून झाले तर, व्हॅनला वाटलं तर. एका शनिवारी ती सकाळी सातपासून दाराशी पिशवी घेऊन बसली होती आणि मी तिसऱ्या प्रहरी आलो. तिनं पिशवीतली भाजीची वडी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, 'खा, गार झालीय. आईसाठी केली होती.' त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं!

आणि मग दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. 'ओब्राद, आठ नोव्हेंबरला आईकडं स्लावा आहे. घराण्याच्या संताचा दिवस, आईचा हा शेवटचाही असू शकतो. मी माझ्या गाडीनं, मी चालवत जाणार. तुझी वाट बघत नाही आता.' तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता.

बरं, गाडी घ्यायची हे मी फक्त एका माणसाला सांगितलं, दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक! जो येईल तो दोन स्क्रू घेणार आणि दोन तास सल्ला देणार. 'फ्रेंच घेऊ नको, विजेचा घोळ असतो.' 'जर्मन घेऊ नको, पार्ट महाग.' 'इटालियन घे, पण उन्हाळ्यातच चालव.' एकजण तर म्हणाला, 'डिझेल घे.' का रे बाबा? 'माझ्याकडं आहे, विकायचीय.' घ्या! लहानशी गाडी हो, दुसरं काय मागितलं होतं मी?

शेवटी मी माझ्या कूमला, तिहोमिरला बरोबर घेतलं. माझ्या लग्नात माझ्या शेजारी साक्षीला उभा राहिला तो हा, माझ्या पोरीचं नाव ठेवलं तेही यानंच. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी नाही. वर तो रेल्वेतून रिटायर झालेला, म्हणजे त्याला गाड्यांतलं कळतं असं त्याचं म्हणणं. त्यानं कुणाकडून तरी एक यंत्र मागून आणलं होतं, पत्र्याला लावलं की रंगाची जाडी सांगणारं. जिथं ठोकून वर पुट्टी भरलेली असेल तिथं ते टीं टीं करतं.

पहिली गाडी बघायला गेलो, तर विकणारा गळ्यात साखळी घातलेला, म्हणतो कसा, 'साहेब, स्वित्झर्लंडची आजी! नव्वद हजार किलोमीटर! फक्त चर्च!' मी वाकून ब्रेकचं पेडल बघितलं, तर रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय. म्हटलं, 'ही आजी चर्चला जाताना सारखी कुणाला घाबरत होती?' तिहोमिरनं यंत्र लावलं, ते असं ओरडलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि पुढचा कप्पा उघडला तर आत काय सापडावं? पिझ्झा पोचवणाऱ्यांची टोपी! मी ती त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, 'आजीची विसरली, पाठवून द्या.' अशा सहा आज्या झाल्या, मंडळी, सहा! तीन आठवडे गेले. झागा रोज रात्री ताट वाढताना नुसती बघायची, विचारायची नाही. न विचारणारी बायको… जाऊ द्या.

आणि मग सातवी सापडली. शहराबाहेर बारा किलोमीटरवर, राडोयको नावाचे रिटायर शाळामास्तर, करड्या रंगाची लहानशी गाडी, पहिल्यापासून एकच मालक, प्रत्येक तेलपाण्याची पावती फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली. जाहिरातीत किंमत चार हजार तीनशे. मी वाटेत तिहोमिरला बजावलं, 'कूम, आत गेलो की तू तोंड उघडायचं नाहीस. मी गाडीभोवती दोन चकरा मारीन, चाकाशी उभा राहून जीभ टाळ्याला लावून च्च करीन, आणि मग गप्प. सौदा गप्प राहूनच होतो. तीन हजार आठशेला आणतो की नाही बघ.' तो म्हणाला, 'मी दगड.'

दगड म्हणे! अंगणात पाय ठेवला, दोन चकरा मारल्या, च्च केलं, सगळं ठरल्याप्रमाणे. मास्तरांचा चेहरा उतरलेलाही दिसला मला. पण मास्तरीणबाई बाहेर आल्या, 'अहो, आधी आत या, सौदा कुठं पळतोय?' आत गेलो. रिवाजाप्रमाणे वाटीतला एकेक चमचा मुरांबा, वर पाणी, मग कॉफी, मग आलुबुखाराची राकिया. मला व्हॅन चालवायची म्हणून मी नुसते ओठ लावले, तिहोमिरनं माझ्या वाटणीचीही संपवली. आणि संपवल्यावर दगडाला वाचा फुटली! भिंतीवर मास्तरांच्या लग्नाचा फोटो होता, त्याकडं बोट करून हा म्हणतो, 'मास्तर, तुमच्या शेजारी हा मिशाळ कोण हो?'

'तो?' मास्तर म्हणाले, 'तो माझा कूम. स्तानोये. वाल्येवोत कुलपं विकायचा. लग्न होताच मी नोकरीला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तीस वर्षांनी परतलो तर तो गेलेला. फार जीव लावला हो त्यानं मला.'

मंडळी, मी उठून फोटोजवळ गेलो. तो मिशाळ माझा बाप होता!

आता काय सांगू तुम्हाला? कूमपण एका पिढीत मिटत नाही आमच्याकडं, बापाचं मुलाकडं येतं. म्हणजे मी ज्याच्या गाडीपाशी च्च करून आलो होतो, तो माझा कूम निघाला! मी सांगताच मास्तर उठले, तीन वेळा गालाला गाल लावला, डोळ्यांत पाणी, मास्तरीणबाई रडतायत, तिहोमिर रडतोय, त्याचं काय जात होतं रडायला! आणि आता गाडीचं बॉनेट उघडून बघणार कोण? कूमच्या गाडीचं? म्हणजे तोंडावर म्हणायचं की तुझ्यावर विश्वास नाही? तिहोमिरनं ते यंत्र घाईघाईनं खिशात कोंबलं, तर निघताना गाडीला टेकला आणि ते खिशातल्या खिशात टीं टीं करायला लागलं! हा मोठमोठ्यानं खोकतोय, मास्तर म्हणतायत, 'कूम, छातीत कफ झालाय, मध घे.' ते खिशातल्या किल्ल्यांमुळे वाजलं की गाडीमुळे, आजवर कळलेलं नाही. विचारायचं कुणाला?

आणि मग किंमत.

मास्तर म्हणाले, 'ओब्राद, स्तानोयेच्या मुलाकडून मी काय पैसे घ्यायचे? तीन हजार दे आणि घेऊन जा.' तीन हजार! माझ्या मनात चर्चच्या सगळ्या घंटा वाजल्या! आणि तोंडातून काय निघावं? 'तीन? मास्तर, मला लाज आणता? जाहिरातीत चार हजार तीनशे लिहिलंय, तेवढेच घ्या!'

'ती जाहिरात परक्यांसाठी होती!'

'मग मी काय माझ्या बापाच्या कूमला लुटायला आलो?'

'तीन हजार दोनशे, आणि वर एक शब्द नको!'

'चार हजार चारशे!'

'पोरा, तू माझा अपमान करतोयस!'

'तुम्ही माझ्या बापाचा करताय!'

तिहोमिर टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारतोय, तरी मी थांबेन तर शपथ! सवय हो, एकतीस वर्षांची, समोरचा नमेपर्यंत सोडायचंच नाही! शेवटी पाकिटातले चार हजार काढले, दुसऱ्या खिशात गोदामाच्या भाड्याचे पाचशे होते तेही काढले, आणि टेबलावर हात आपटून म्हटलं, 'चार हजार पाचशे! नाहीतर गाडी नको!' मास्तर हरले. मान खाली घालून म्हणाले, 'तुझा बापही असाच होता.' जिंकलो! आयुष्यात इतक्या झटक्यात सौदा जिंकलो नव्हतो. बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसलो तेव्हा कळलं की काय जिंकलो. लहानशी गाडी हो, दुसरं काय मागितलं होतं मी?

घरी झागाला काय सांगायचं? सांगितलं, 'चार हजार.' मग वाटलं, बायकोला वाटायला नको, आपल्याला सौदा जमला नाही म्हणून, तर पुढं जोडलं, 'पाच हजार म्हणत होता, मी खाली आणला.' तिनं पहिल्यांदाच जेवताना माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडी पोचवायला स्वतः आले, मास्तरीणबाईंना घेऊन. मग जेवण नको? कोकरू. जेवताना झागानं रीत म्हणून स्लावाचं आमंत्रण दिलं. आता बघा, मास्तरांकडं गाडी नाही, कारण ती आम्हीच घेतली! मग कूमला बसनं येऊ द्यायचं? आणि मास्तरांना न्यायचं तर तिहोमिरला मागं ठेवायचं? व्हॅनला त्या दिवशी नेमकं वाटलं नाही, तर आठ नोव्हेंबरला पाच माणसं त्या एवढ्याशा गाडीत! झागा स्टिअरिंगवर, पुढं मास्तर, मागं मास्तरीणबाई आणि तिहोमिर, मध्ये मी, मांडीवर स्लावाच्या गव्हाच्या प्रसादाचं भलंमोठं ताट, गुडघे कानाशी. वळणावळणावर मी मनात संतांची नावं घेत होतो, सगळी संपली. पण तुम्हाला खरं सांगू? तिनं एकदाही ब्रेक उगाच मारला नाही. परीक्षकालाच चालवता येत नव्हतं!

सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. लेक चालवत आली हे बघून काठी सोडून टाळ्या वाजवायला लागल्या आणि पडता पडता वाचल्या. झागाचा चेहरा तेव्हा जो होता, तो मी लग्नानंतर फार वेळा बघितलेला नाही. तिथंच दिवस संपायला हवा होता. पण मास्तरांना भाषणाची हौस! ग्लास घेऊन उभे राहिले, पंचवीस माणसांसमोर. 'असा कूम जगात नाही! मी म्हणतोय तीन हजार, अरे तीन हजार दे, पाया पडतो, आणि हा म्हणतो चार हजार पाचशे! शेवटपर्यंत ऐकला नाही!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झागानंही वाजवल्या. सावकाश. माझ्याकडं बघत.

परत येताना ती एवढंच म्हणाली, 'गिऱ्हाईकाला बिजागरीवर दहा दिनार सोडताना तुझा जीव जातो, ओब्राद. पैशाचं नाही रे. पण मला खोटं का सांगितलंस? मी तुला जेवणात मोठा तुकडा वाढला.' मागं माझ्या दोन्ही बाजूंचे दोघं खिडकीबाहेर बघायला लागले.

आता दर शनिवारी ती सकाळी सातला निघते. एकटी. दुपारचं जेवण मी करायचं, परतल्यावर गाडी मी धुवायची आणि महिन्याच्या पेट्रोलाचे पैसे माझ्या खिशातून, असं तिनं ठरवलं आणि मी मान्य केलं. मान्य केलं म्हणजे, मला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा एवढी विनंती आहे तुम्हाला. लहान घ्या, मोठी घ्या, पण घरात हिशेब खरा ठेवा. गाडीचा आकडा खरा सांगा, कोकराचा सांगा, मुरांब्याचाही सांगा, हातचं काही राखू नका. आणि खोटाच ठेवायचा असेल तर निदान कूमला जेवायला बोलावू नका… पण कूमला न बोलावून चालतं होय! चला, उठतो मी. उद्या शनिवार, मला राजमा भिजत घालायचाय.