मी पाइप तीनदा खडबडीत केला

मी गंधाली अनंत कर्णिक, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार बोरीवली पश्चिम, आज दि. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की,

मी अंधेरीच्या एका खासगी कंपनीत इंजिनियर आहे. माहुलकडे जाणाऱ्या कच्च्या तेलाच्या पाइपलाइनचं मॉडेल कॉम्प्युटरवर चालवते. म्हणजे इकडून इतकं तेल ढकललं तर तिकडे दाब किती राहील, ते काढते.

दि. ३ रोजी तिकडचा दाब मॉडेलपेक्षा कमी आला. पाइपात आतून मेण साचतं, तेल अडखळतं. अशा वेळी आम्ही मॉडेलमधल्या पाइपचा खडबडीतपणा वाढवतो, मग आकडे जुळतात. सगळे असंच करतात. मी ३, १० आणि १७ तारखेला वाढवला. दर आठवड्याला एवढं मेण येतंय कुठून, हे विचारलंच नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

लाइनवर पायी गस्त घालणारे बाळा सावंत यांना मी काका म्हणते. दि. ____ फेब्रुवारी रोजी सकाळी त्यांनी मला फोन केला, "मॅडम, हंयसर तेलाचो वास येता. बघा जरा." मी स्क्रीन बघितला. आकडे जुळत होते, मीच जुळवलेले. म्हटलं, "काका, लाइन ठीक आहे." ते म्हणाले, "तुमी म्हणतास तर आसात." पुढे त्यांनी कोणालाच कळवलं नाही.

काल त्याच जागी तेल काढायला चोरांनी लाइनला बसवलेला नळ सापडला. दाब मेणामुळे नाही, त्यामुळे कमी येत होता. वास येऊनही गप्प राहिले, म्हणजे सामील, असं म्हणून काकांना अटक झाली. त्यांना गप्प मी बसवलं.

आमचे साहेब देवदत्त म्हणाले, "फोनचं कशाला काढतेस गं? कॉम्प्युटरमध्ये सगळं बरोबर आहे ना?" आहे ना! तेच तर मला सलतंय. आज सकाळी काकांच्या पत्नी रत्नप्रभाताई बिल्डिंगखाली आल्या. "ह्येंनी तुमका सांगल्यांनी ना?" मी हो म्हटलं. "मग ते आत कित्याक?" त्यानंतर मी इथे आले.

माझा गुन्हा होतो का, झाला तर कोणता, मला खरंच कळत नाही. तिन्ही वेळचे जुळवण्याआधीचे आकडे छापून आणलेत, ते सोबत देते.

फोनची तारीख आठवत नाही, मोबाइलमधली नोंदही पुसली गेली आहे. हवालदार म्हणाले, "अंदाजे बारा टाकू? जुळून जाईल." मी म्हटलं, "नको, जुळवू नका. मोबाइल कंपनीकडून मागवा."

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो रिकाम्या जागेसकट माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.