हा फोटो समोरून कोणी काढला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या पडीक रानात आम्ही दर रविवारी बाण मारतो ते सिद्धारामअण्णा. प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलोय ते आमचे गुरू बिरप्पामामा. त्यांच्या शेजारी पदर सावरत बसलेल्या केरामामी. सोलापूर, अकलूज, करमाळा इथून आलेले सगळे धनुर्धर, त्यांचे पालक, आणि केवळ नाश्त्यासाठी आलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा, उत्कर्षाचा, नमस्कार.

नाश्ता आहे, काळजी नसावी.

भाषण मी लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू देते. मगाशी चहाच्या वेळी जे कानावर आलं त्यानंतर ते वाचवणार नाही. एरवी मी बोलायला लागले की अण्णा घड्याळ बघतात. आज मलाच कळत नाहीये की सुरुवात कुठून करू. पण मामा म्हणाले, "माईकवर सांग. मला न्हाय जमायचं." म्हणून सांगते.

पाहुण्यांना आमची पद्धत माहीत नसेल. मामांकडे बांबूचं धनुष्य, दोरी आणि बाण, एवढंच. नेम धरायला दुर्बीण नाही, काही नाही. आठवडाभर प्रत्येकानं आपापल्या गावी सराव करायचा आणि धनुष्य पूर्ण ताणलेला एक फोटो ग्रुपवर टाकायचा. मामा तो बघणार आणि लिहिणार, "कोपर पडलंय", "मान कशाला वाकडी". लग्नाच्या पंगतीतूनसुद्धा लिहिलंय त्यांनी. मात्र फोटो बाजूनं काढलेला पाहिजे. दोरीवर बाण असताना समोर माणूस नको, आणि फोटो काढणारा हाही माणूसच असतो. हा नियम ज्यानं मोडला तो वर्षभर ग्रुपच्या बाहेर. मैदानावरही यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी हा नियम सोनालीनं मोडला. ती आज आली आहे, मागे दाराजवळ बसली आहे. आमच्यातली सगळ्यात चांगली धनुर्धर. भावाकडून तिनं समोरून फोटो काढून घेतला, हौसेनं, आणि ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी मामांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "भाऊ नकोसा झालाय व्हय गं तुला?" पोरगी मान खाली घालून उभी होती. मामा थांबले नाहीत. "तुझ्या हातनं एक दिस मानूस मरंल," म्हणाले. मला ग्रुपमधून तिचं नाव काढायला सांगितलं, मी काढलं. स्पर्धा तोंडावर होती, ती हुकली. वर्ष संपलं तरी सोनाली परतली नाही. तिची आई सांगते, धनुष्य माळ्यावर टाकलंय, खाली काढू देत नाही.

आज मामींनी फोन करून बोलावलं म्हणून ती आली. आल्या आल्या मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "ताई, ह्यो फोटो कुणी काढला वो?"

कुठला? हा, माझ्या मागे लावलेला. आपण सगळ्यांनी ग्रुपवर याला अंगठे दिलेत, हात जोडलेत. निम्म्या लोकांनी स्वतःचा काढून मामांचा हा फोटो फोनवर लावलाय. बॅनरसाठी एकमतानं हाच निवडला. काय रुबाब आहे, नाही का? ताणलेली दोरी गालाला लागलेली, आणि बाणाचं टोक थेट आपल्याकडे.

थेट आपल्याकडे. एवढे धनुर्धर आपण, कोणाच्याही डोक्यात कसं आलं नाही?

मी सोनालीला म्हटलं, अगं, फोन दगडावर ठेवून काढला असेल. ती म्हणाली, "खाली बघा की." मी बघितलं. फोनवर हे दिसत नव्हतं, इथे भिंतीएवढं झाल्यावर दिसतंय. मामांच्या पायापर्यंत एक लांब सावली आलीये. डोक्यावर पदर, दोन्ही हात वर.

मी तशीच मामींकडे गेले. मामी लपवालपवीतल्या नाहीत. "म्याच काढला," म्हणाल्या. "समद्या फोटूत ह्येंचा कानच दिसतोय. म्हटलं, एकदा तोंड दिसू दे की. ह्ये नकोच म्हनत हुते. म्या ऐकलं न्हाय."

मग त्यांनी मामांकडे बघितलं. पुढचं मामांनी सांगितलं. "फोटू निघाला आन् बाण सुटला."

मी विचारलं, सुटला म्हणजे?

"सुटला म्हंजे सुटला. म्या सोडला न्हाय. बोटं बधिर पडत्यात आलीकडं, दोरी कवा निसटली कळलंच न्हाय. हिच्या पदरातनं पार गेला."

आम्ही पत्रिकेत छापलंय की मामा गुडघेदुखीमुळे गावी चाललेत. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी धनुष्याला हात लावलेला नाही. आणि त्याच संध्याकाळी मामींनी, फोटो चांगला आलाय म्हणून, तो कौतुकानं ग्रुपवर टाकून दिला. ज्या बाईच्या कानाजवळून बाण गेला ती म्हणते, "रूप तर बगा त्येंचं." मी हसू की रडू? आपले अंगठे येत राहिले आणि मामा प्रत्येक अंगठा बघत राहिले. काढून टाका म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं.

मला मामांचा राग आलाय. व्यासपीठावर बोलू नये, पण आलाय. त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून तर जास्त आलाय. सोनालीला जे तोंडावर ऐकवलं ते खरं होतं, आणि ते स्वतःच्या घरात विसरले.

मामांनी मघाशी मला दोन कामं सांगितली. पहिलं, "नाव काड माजं. वरीसभर. आत्ताच, समद्यांम्होरं." अण्णा, तुम्ही नको म्हणू नका, नियम त्यांचाच आहे. हा माझा फोन. विचारतोय, नक्की काढायचं का. काढलं. सगळ्यांनी ग्रुप उघडून बघा, दिसलं ना? मामाही बघतायत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी निमूट ऐकून घेतलं, आपण कोणी उठून गेला नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला.

आता दुसरं काम. मामा म्हणाले, "सोनालीची माफी माग माज्या वतीनं." ते मी करणार नाही. मामा, मैदानावर तुम्ही तिला बोललात ते माझ्या तोंडून बोलला नव्हतात. सोनाली, दाराकडे जाऊ नकोस, बस खाली. मामा, उठा. हा घ्या माईक.